११ वर्षांच्या मुलीने ‘मला बाबांकडे राहायचंय’ म्हटलं, तर कोर्ट ऐकतं का?

ऐकतं, पण तिचा शब्द म्हणजे निकाल नव्हे. पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम १७(३) नुसार, मूल समजून-उमजून मत देण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ते विचारात घेऊ शकतं. ‘९ वर्षं झाली की मूलच ठरवतं’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ५ वर्षांखालचं मूल हिंदू कायद्यात साधारणपणे आईकडे, आणि सगळ्यांच्या वर मुलाचं हित.

माझ्या भाचीची केस इथेच नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात होती. न्यायाधीशांनी तिला एकटीलाच चेंबरमध्ये बोलावलं. शाळेत डबा कोणासोबत खातेस, रात्री भीती वाटली तर कोणाला उठवतेस, असंच विचारलं. ‘आई की बाबा’ हे थेट विचारलंच नाही. बाहेर आली तेव्हा फ्रॉकचं टोक मुठीत चुरगळलेलं होतं.

म्हणून ताई, हात जोडून सांगते, लेकीला काही पढवू नका. पढवलेलं न्यायाधीशांच्या आणि समुपदेशकांच्या बहुतेक वेळा लक्षात येतं, आणि तिच्या खऱ्या म्हणण्याचंही वजन जातं. आज तुमच्या मनाविरुद्ध आदेश झाला, तरी परिस्थिती बदलल्यावर तो बदलून मागता येतो.