वाचकांचे प्रश्न : अंगणातली जांभळी घाणेरी

प्रश्न : काका, भुसावळला आमच्या घरापुढे दहा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा आहे, पूर्ण उन्हात. दोनदा लॉन लावलं, दोन्ही वेळा मे महिन्यात जळालं. नर्सरीवाला जमिनीलगत पसरणारी जांभळी लँटाना लावा म्हणतो. सासूबाई म्हणतात, ही घाणेरीच, दारात नको. शेजारी शेळ्याही आहेत. काय करू?

उत्तर : ताई, सासूबाईंनी झाड बरोबर ओळखलं. पानं चुरगळून वास घ्या, खात्री पटेल. पण बांधावरची घाणेरी पुरुषभर उंच वाढते. ही जेमतेम गुडघ्यापर्यंत येते आणि एकेक झाड तीन-चार फूट पसरतं. मूळची दक्षिण अमेरिकेतली. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ, तिच्यावरून हिचं शास्त्रीय नाव पडलं. आपल्या 45 अंशांच्या उन्हात लॉन रोज पाणी मागतं, हिला मुळं धरल्यावर आठवड्याला एकदा पुरतं. मी तर लावाच म्हणेन.

फक्त काळ्या मातीचं सांभाळा. पहिल्या वर्षी मी रोपं सपाट जमिनीत लावली होती. उन्हाळाभर पाणी घालून जगवलेली, आणि जुलैच्या झडीत पाणी साचून आठवड्यात मुळं कुजली. फार जीवावर आलं. पुढच्या वर्षी वीतभर उंच वाफा केला, काळ्या मातीत मुरूम, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळलं. तीच झाडं आजही आहेत. तुम्ही पहिला चांगला पाऊस झाला की अडीच-तीन फुटांवर रोपं लावा. मधल्या जागेत केळीची वाळलेली पानं अंथरा, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. भेगा पडत नाहीत, तणही दबतं. होळीच्या सुमारास वरून एक तृतीयांश छाटा, म्हणजे नवी फूट दाट येते. फुलांवर फुलपाखरं येतील, ती बघायला सासूबाईंना ओट्यावर बसवा.

शेळ्यांचं मात्र हलक्यात घेऊ नका. लँटानाचा पाला पोटात गेला की जनावराचं यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते. कुंपण नसेल तर आधी कुंपण, मग रोपं. लहान मुलांनाही पानाफळांपासून लांब ठेवा. छाटलेल्या फांद्या नाल्यात किंवा बांधावर टाकू नका, ओल मिळाली की कांडी मुळं धरते. ऑस्ट्रेलियात हीच जांभळी बागेतून कुरणांत शिरली. छाटण उन्हात कडक वाळवा, मगच खड्ड्यात पुरा.