जपानमधल्या क्योतो-नाराला सहकुटुंब जाताय?

पहिलीच खेप असेल तर दिवसाला दोनच देवळं धरा. कियोमिझुदेरा सकाळी 6 ला उघडतं, तेव्हाच गाठा. नंतर देवळाकडे जाणाऱ्या चढावर गर्दी उसळते. आजी-आजोबांसाठी टॅक्सी करा.

नारा मात्र अजिबात चुकवू नका. तिथल्या तोदाइजी देवळातला महाबुद्ध जवळजवळ 15 मीटर उंच आहे. 752 साली त्याचे नेत्र उघडण्याचा विधी केला तो बोधिसेन या भारतातून गेलेल्या भिक्षूने! मुलांना हे मूर्तीसमोर उभं करूनच सांगा.

शाकाहारी असाल तर जपून, साध्या सूपातही बहुधा माशाचा अर्क असतो. एक संध्याकाळ सुपरमार्केटसाठी राखा. उशिरा तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीची लेबलं लागतात, आणि कामावरून परतणारी माणसं दिसतात. बूट सारखे काढावे लागतात, तेव्हा मोजे धड घ्या.