खोलीत बास फार घुमतो, इक्वलायझरने बरा होईल का?

घुमणारा बास (खालच्या पट्टीचा, कमी वारंवारतेचा आवाज) इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, बराच आटोक्यात येतो, पण खोलीतला प्रतिध्वनी त्याने जात नाही. समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर असेल, तर साधारण ४३ हर्ट्झला आवाज फुगतो (ध्वनीचा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, भागिले अंतराची दुप्पट). मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन मोजा, नि फुगलेल्या वारंवारतेचा नेमका तेवढाच अरुंद पट्टा इक्वलायझरने खाली आणा. ज्या वारंवारतेला आवाज दबलाय (आलेखात खड्डा दिसतो) तिथे मात्र वाढवायला जाऊ नका: १० डेसिबल वाढवायला अँप्लिफायरला दहापट शक्ती लागते आणि खड्डा बहुतेक तसाच राहतो. त्यापेक्षा खुर्ची अर्धा मीटर सरकवून बघा, फुकटचा उपाय आहे. शिवाय ही दुरुस्ती मोजलेल्या जागेपुरतीच. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळंच ऐकू येईल.