दोन लॅब, दोन रिपोर्ट: बाबांचं एलडीएल खरं कोणतं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा, की तालुक्याच्या लॅबमध्ये बाबांचं एकूण कोलेस्टेरॉल २३८ आणि एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) १३६ आलं. दहा दिवसांनी नागपूरला एकूण २२४ झालं, पण एलडीएल १४८. एक उतरलं, दुसरं चढलं, मग चुकलं कोण?

मी वर्धा जिल्ह्यात बारा वर्षं लॅब टेक्निशियन आहे. मला यात कोणाची लबाडी दिसत नाही. २३८ आणि २२४ मध्ये जेमतेम ६ टक्के फरक आहे. माणसाचं कोलेस्टेरॉल आज-उद्यात एवढं हलतंच, शिवाय मोजणीत ९ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य धरतात.

मेख एलडीएलमध्ये आहे. बऱ्याच ठिकाणी ते मोजत नाहीत, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्रानं काढतात: एकूणातून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) पाचवा हिस्सा वजा करायचा. तुम्ही दिलेले आकडे मांडून पाहिले. पहिल्यांदा २३८ वजा ४० वजा ६२ (ट्रायग्लिसराइड ३१०), म्हणजे १३६. नागपूरला २२४ वजा ४२ वजा ३४ (ट्रायग्लिसराइड १७०), म्हणजे १४८. पहिल्या दिवशी बाबा स्टँडवर तर्रीपोहे खाऊन गेले होते, हे तुम्हीच लिहिलंय. खाण्यानं एकूण फारसं बदलत नाही, ट्रायग्लिसराइड मात्र वाढतं, आणि वजाबाकीत एलडीएल आहे त्याहून कमी दिसतं. म्हणून १३६ वर समाधान मानू नका. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र चालतच नाही, तेव्हा डायरेक्ट एलडीएल, म्हणजे सूत्राऐवजी थेट मोजलेलं, करायला सांगा.

मशीनवर शंका असेल तर एकच विचारा: "आज कंट्रोल लावला का?" कंट्रोल म्हणजे आधीच किंमत ठाऊक असलेला नमुना. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे रात्रभर लाइन नव्हती, फ्रिज बंद. सकाळी रिएजंट (तपासणीचं रसायन) बाटलीतच गुलाबी झालेलं दिसलं. १८० चा कंट्रोल १५२ दाखवत होता. मी चौदा जणांचे रिपोर्ट नवा किट येईपर्यंत थांबवले. लोक चिडले, काहीजण मजुरी पाडून आले होते. पण त्या दिवशी छापले असते तर कोणाचं वाढलेलं कोलेस्टेरॉल नॉर्मल म्हणून घरी गेलं असतं.

आता बाबांना बारा तास उपाशी ठेवून एकाच लॅबमध्ये पुन्हा तपासा. पाणी चालेल. रक्त द्यायच्या आधी दहा मिनिटं बसू द्या, दंडाचा पट्टा मिनिटभराच्या वर बांधून ठेवू देऊ नका, त्यानंही आकडा फुगतो. तिन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर गोळी सुरू असेल तर बंद करू नका.