आधी बोहारणीसारखं बघायला शीक

तू 23 वर्षांची आहेस असं लिहिलंयस, म्हणून सरळ 'तू'च म्हणते. तुझा प्रश्न मला कळला तो असा: पुण्यात पहिली नोकरी, कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात, तरी सोमवारी ऑफिसला घालायला काही नाही. दर महिन्याला सेलमधून काहीतरी येतं आणि चार धुण्यांत मान टाकतं. याचा कंटाळा आलाय, पर्यावरणाचंही मनात आहे, म्हणून यापुढे शक्यतो वापरलेलेच कपडे घ्यायचे ठरवलंयस. सुरुवात कुठून करायची? आणि आई म्हणते, लोकांची उतरलेली धुडकी घालायची वेळ आलेली नाही आपल्यावर.

आईचं शेवटी बघू.

मी 10-11 वर्षं हे करतेय. पहिलं वर्ष साफ वाया घालवलं. स्वस्त मिळतंय म्हटल्यावर हात सुटला. 80 रुपयांचा स्कर्ट, 150 चा कोट (पुण्यात! कोट!), एक मखमली जाकीट, जे मी आजतागायत बाहेर घातलेलं नाही. वर्षाअखेरीस कपाट तसंच भरलेलं, फक्त आता दुसऱ्यांच्या कपड्यांनी. आणि नव्या कुर्त्यांची खरेदी चालूच. म्हणजे पृथ्वीचं काय भलं झालं? जुना कपडा नव्याच्या जागी आला तरच हिशेब जमतो, नव्याच्या शेजारी येऊन बसला तर नाही.

म्हणून पहिला महिना काही विकत घेऊ नकोस. रोज काय घातलंस ते फक्त लिहून ठेव. महिनाअखेर कळतं की आपण तेच 9-10 कपडे फिरवून घालतोय, आणि नेमकी अडचण दोन-तीन गोष्टींची आहे. माझ्या बाबतीत ती गडद रंगाची, नीट बसणारी पँट होती. कुर्ते मी उगाच घेत होते. तुझी यादी वेगळी असेल, पण ती 5 ओळींच्या वर गेली तर परत बघ.

मग घरातली कपाटं. आईचं, आत्याचं, बाबांचं. बाबांचे सुती शर्ट मुलींना बाह्या दुमडून झकास दिसतात. आत्याच्या जुन्या सुती साडीचे दोन कुर्ते निघतात, शिवाय जो भाग विरलाय तो कापून टाकता येतो. माझी आजी लुगडं मधोमध विरलं की तेवढा भाग काढून दंड घालायची (म्हणजे उरलेले दोन तुकडे जोडून शिवायची) आणि तेच लुगडं आणखी दोन वर्षं नेसायची. हे फुकटचं दुकान संपल्यावर बाजारात जा.

आता मुख्य मुद्दा, कपडा बघायचा कसा. मला हे शिकवलं आमच्या वाड्यावर येणाऱ्या बोहारणीने, तेही न सांगता. तुझ्या पिढीने बोहारीण पाहिली असेल-नसेल, म्हणून सांगते. डोक्यावर भांड्यांची टोपली, पाठीला कपड्यांचं गाठोडं. जुने कपडे घेणार आणि बदल्यात स्टीलचं भांडं देणार. या कामातल्या पुष्कळशा बायका मूळ गुजरातेतल्या देवीपूजक समाजाच्या. आई तिच्यासमोर ढीग टाकायची आणि पातेल्यावर बोट ठेवायची. बोहारीण पातेल्याकडे बघायचीसुद्धा नाही. बाबांची पँट उचलायची, आत हात घालून बैठकीचा भाग उजेडासमोर ताणून धरायची. मग मांड्यांच्या आतली बाजू. मग चेन एकदा वर, एकदा खाली. मग पायाची दुमड उलटून आत किती कापड आहे ते. शेवटी कमरेच्या पट्टीला नाक लावायची. सगळं मिळून अर्धा मिनिट. मग पँट बाजूला टाकून म्हणायची, 'ताई, हिच्यात काही नाही राहिलं, दुसरं काढा.' आणि खरंच नसायचं.

ती पँट पुढे कुणीतरी विकत घेणार, आणि तिला त्या पैशांवर घर चालवायचं. म्हणून तिचा हात तिथेच जायचा जिथे कपडा आधी मरतो. तूही तेच कर. पँटची बैठक आणि मांड्या, शर्टाची कॉलर आणि बगला, कुर्त्याच्या चिरांचं टोक (तिथे हमखास उसवतं), ब्लाउजच्या हुकांची पट्टी. उजेडाकडे धरल्यावर कापडातून तुझी बोटं इतर भागापेक्षा जास्त स्पष्ट दिसली, तर ते विरलंय. तो कपडा दोन महिन्यांचा सोबती, कितीही सुंदर असला तरी. उसवलेली शिवण, तुटलेलं बटण, बिघडलेली चेन यांना घाबरू नकोस. ही कामं शिंपी करतो. उलट त्यांच्यावर बोट ठेवून भाव पाड.

बगलेतले पिवळे, ताठर झालेले डाग बहुतेक वेळा जात नाहीत. पॉलिएस्टरमध्ये मुरलेला घामाचा वास तर धुतल्यावर गेल्यासारखा वाटतो आणि तू बसमध्ये चढलीस की परत येतो. कुबट वास मात्र जातो. डांबराच्या गोळ्यांचा वास जायला 2-3 आठवडे लागतात, पण तोही जातो.

शिवणीत माया, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, किती ठेवलीय ते आतून बघ. शिंप्याने शिवलेल्या जुन्या कुर्त्याला बाजूला एकेक इंच माया असते, ती सोडली की कपडा सैल होतो. कारखान्यात शिवलेल्या कपड्याला जेमतेम ओव्हरलॉकपुरती (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या टाक्यापुरती) जागा असते, तिथे सैल करायला काही नसतं. म्हणून असा तयार कपडा घट्ट असेल तर सोडून दे. सैल असेल तर घे, पण खांदा बरोबर बसत असेल तरच. कंबर, लांबी, बाही हे सगळं आवळता येतं. खांदा उतरवून बसवायचा म्हणजे अर्धा कपडा उसवणं, त्याची शिलाई कपड्याच्या किमतीवर जाते.

लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नकोस. एका कंपनीचा 'एम' दुसरीच्या 'एल'एवढा असतो, आणि कपडा परदेशी मापाचा असेल तर आणखी गोंधळ. तुला सगळ्यात छान बसणारा कुर्ता पलंगावर पसर, बगलेपासून बगलेपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत आणि पूर्ण लांबी इंचात मोज. पँटची कंबर, बैठक आणि आतल्या शिवणीची लांबी. हे फोनमध्ये ठेव, पर्समध्ये टेप ठेव. बाजारात ट्रायल रूम नसते, हा टेपच तुझी ट्रायल रूम.

आणि शिंपी. त्याच्याशिवाय हा उद्योग होत नाही. मॉलमधला 'आल्टरेशन'वाला नको, गल्लीतला वयस्कर शिंपी शोध, ज्याला कॉलर उलटता येते. तुला हे माहीत नसेल: शर्टाची कॉलर मानेवर घासून फाटते ती एकाच बाजूने. शिंपी ती उसवून काढतो, उलटी करून परत लावतो. फाटकी बाजू खाली झाकली जाते आणि शर्टाला नवा जन्म मिळतो. एकेकाळी कारकुनांच्या घरात ही नेहमीची गोष्ट होती. मी 150 रुपयांना घेतलेल्या लिननच्या शर्टाची कॉलर 120 रुपयांत उलटून घेतली, सहावं वर्ष चालू आहे. शिंपी प्रत्येक वेळी विचारतो, 'अजून हाच का?'

कापड कुठलं घ्यायचं यात माझा पक्षपात आहे: सुती, लिनन, रेशीम, लोकर. जुन्या सुती कपड्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. आटायचं तेवढं तो आटून झालेला असतो, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. आज जसा बसतो तसाच पुढेही बसणार. कापड कसलं आहे याची शंका असेल तर घरी आणल्यावर आतल्या शिवणीतला एक धागा काढून, चिमट्यात धरून, मोरीत जाळून बघ. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते. रेशीम-लोकर जळक्या केसांचा वास देते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र कापड असेल तर दोन्हींची खिचडी होते, तिथे फार डोकं लावू नकोस.

जुने घेऊच नयेत असे: आतले कपडे आणि पोहण्याचे कपडे, हे सांगायला नको. इलॅस्टिक सैल पडलेलं काहीही. चामड्यासारखं दिसणारं पण चामडं नसलेलं जाकीट किंवा पर्स, कारण वरचा थर आपल्या दमट हवेत पापुद्रे सोडतो, आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. आणि फोमच्या सोलचे जुने बूट, अगदी न वापरलेले दिसले तरी. तो फोम बहुधा पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा असतो, ते हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत कुजतं. माझ्या 'जवळजवळ नव्या' बुटाचा सोल शिवाजीनगर स्टेशनच्या जिन्यावर एका पायरीवर राहिला आणि मी पुढच्या पायरीवर. उरलेला दिवस ऑफिसात स्लिपर घालून काढला.

कुठे घ्यायचे? पुण्यात आहेस तर मंगळवार पेठेतला जुना बाजार एकदा बघून ये, रविवारी आणि बुधवारी भरतो. कपड्यांपेक्षा लोखंडी सामान, घड्याळं, जुनी नाणी यांचीच गर्दी जास्त, पण कपड्यांचे ढीगही असतात. सकाळी लवकर जा. पहिल्या फेरीत काही घेऊ नकोस, नुसता हात लावत फिर.

इन्स्टाग्रामवर 'थ्रिफ्ट' म्हणून चालणारी पानं 2020 च्या लॉकडाऊनपासून खूप वाढली. काही खरंच चांगली आहेत. पण 'थ्रिफ्ट' म्हणजे वापरलेलं असेलच असं नाही. बराचसा माल एक्स्पोर्ट सरप्लस असतो, म्हणजे नवाच, परदेशी ऑर्डरमधून उरलेला किंवा नापास झालेला. ओळखायची खूण म्हणजे मानेवरचं लेबल अर्धं कापलेलं किंवा त्यावर काळ्या मार्करची रेघ. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरही असा माल दिसतो. त्यात वाईट काही नाही, पडून राहण्यापेक्षा कुणी घातलेला बरा. फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं. पैसे पाठवायच्या आधी तीन गोष्टी माग: सपाट पसरून घेतलेली मापं इंचात, दिवसाच्या उजेडातला बगलेचा आणि कॉलरचा फोटो, आणि आतल्या लेबलचा फोटो. द्यायला टाळाटाळ केली तर पुढे जा. मी एकदा संकोचाने मागितले नाहीत आणि 900 रुपयांची रेशमी साडी घेतली. घडीवर घडी चिरत गेलेली निघाली. परतीची सोय नव्हती.

तू परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांबद्दलही विचारलंयस. वापरण्याजोगे जुने कपडे आयात करून इथे विकायला सरकारी परवाना लागतो. गुजरातेतल्या कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी गाठोडी उघडून, निवडून, त्यातली बरीचशी पुन्हा बाहेरच्या देशांत पाठवली जातात. आणि घालण्याजोगं न उरलेलं लोकरीचं कापड जातं पानिपतला. पानिपत म्हटलं की आपल्याला 1761 सोडून काही आठवत नाही, पण आज ते चिंध्यांपासून सूत काढणारं मोठं केंद्र आहे. स्वेटर-कोट रंगांप्रमाणे निवडतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको, मग पिंजून त्याचं सूत आणि सुताच्या घोंगड्या. पूर-भूकंपात वाटतात त्या स्वस्त ब्लँकेटांत हा माल असतो. एवढं सांगायचं कारण, 'परदेशी माल' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर भुलू नकोस. मापं आणि बगल बघ, बस.

घरी आणल्यावर कपडा थेट कपाटात ठेवायचा नाही. सुती असेल तर गरम पाण्यात, 60 अंशांचं असेल तर ढेकूण-बिकूण सगळं निकालात निघतं. मग कडक उन्हात उलटा करून वाळव. लोकर गरम पाण्यात घालू नकोस, बाहुलीच्या मापाची होईल. ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेव, कसर मरते. (नवरा-सासू असलेल्या घरात आधी सांगून ठेवावं. आमच्याकडे मटारऐवजी मफलर निघाला होता.) रेशमी आणि जरीचं ड्राय क्लीनिंगला.

आता आई. त्यांच्याशी वाद घालू नकोस. ज्या काळात अंगावरचा जुना कपडा म्हणजे गरिबी असा अर्थ होता, तो त्यांनी किंवा त्यांच्या आईने जवळून पाहिलाय. आमच्याकडेही हेच झालं. पण बाळ जन्मलं की हीच माणसं नात्यातल्या कुणाची तरी जुनी, धुऊन मऊ झालेली झबली-टोपडी मागून आणतात, नवं कापड बाळाला टोचतं म्हणून. पायपुसणीपासून गोधडीपर्यंत सगळं जुन्यातूनच येतं. अनोळखी माणसाचा कपडा ही त्यांची खरी अडचण आहे, जुनेपणाची नाही. माझ्या आईने दोन वर्षं नाक मुरडलं. मग एका दिवाळीत तिने माझी एक फिकट हिरवी माहेश्वरी साडी कुठून घेतली असं विचारलं. मी सांगितलं. ती काही बोलली नाही, पदर उजेडाकडे धरून बघितला, काठाच्या आत बोट घालून बघितलं आणि म्हणाली, 'फॉल बदलून घे, बाकी चांगली आहे.'

तू म्हणतेस तशी ऑफिसची पँट हवी असेल तर कंबर, बैठक आणि आतली लांबी इथे इंचात लिही. कॅम्पातल्या माझ्या शिंप्याकडे लोकांनी आल्टरला दिलेले आणि परत न्यायला विसरलेले कपडे एका खोक्यात पडलेले असतात, वर्षभर वाट बघून तो विकतो. मी शनिवारी जाणार आहे, बघून सांगते.