सोसायटीतून सायकल चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार करून उपयोग होतो का? नवीन घेतल्यावर काय काळजी घ्यावी?

मुलाची गिअरची सायकल आठ दिवसांपूर्वी पार्किंगमधून गेली, कुलूप लावलेलं असूनही गेली, आणि आता तक्रार करण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. अर्थ आहे. उद्याच जा. माझी सायकल २०२२ मध्ये अशीच गेली होती आणि पाच महिन्यांनी परत मिळाली. तक्रार दिली नसती तर ती मिळालीच नसती.

पण त्याआधी आज रात्रीच एक काम करा. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं त्या रात्रीचं चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. चित्रण साठवणारं यंत्र (डीव्हीआर) भरलं की जुनं पुसून नवीन चढतं, आणि आठ दिवस आधीच गेलेत.

आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. सायकल जिन्याखाली असायची. नंबरचं केबल लॉक मागच्या चाकातून घेऊन फ्रेमला लावलेलं. सकाळी सहाला खाली आलो तर भिंतीवर हँडलच्या मुठीचा काळा डाग तेवढा शिल्लक. सीसीटीव्हीत पाहिलं तर पावणेचारला एक पोरगा आत आला, त्याने मागचं चाक उचलून धरलं आणि पुढच्या चाकावर ढकलत सायकल गेटबाहेर नेली. कुलपाला हातसुद्धा लावला नाही. मी सायकलला सायकलशीच बांधून ठेवली होती! तुमचंही बहुतेक असंच झालं असेल.

चौकीत मला पहिला सल्ला मिळाला तो असा की ऑनलाइन ‘गहाळ’ म्हणून नोंद करून टाका. ते ऐकू नका. सिमकार्ड, पाकीट हरवलं तर ती नोंद ठीक; पण गहाळ झालेली वस्तू कोणी शोधत नाही. चोरीला चोरीच म्हणा आणि लेखी द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून जाताना सायकलचं बिल घेऊनच जा. गिअरची सायकल सहसा त्या रकमेच्या वरच असते, पण ते कागदावर दिसायला हवं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदच करून घेत नसतील तर तक्रार टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते: शहरात पोलीस उपायुक्त, जिल्ह्यात पोलीस अधीक्षक.

पाच महिन्यांनी मला फोन आला. काही पोरं पकडली होती आणि चौकीच्या मागे अकरा सायकली एकीवर एक टेकवून ठेवल्या होत्या. त्यात माझ्याच मॉडेलच्या, त्याच राखाडी रंगाच्या दोन. सीट बदललेलं, स्टिकर खरवडलेले. हवालदारांनी विचारलं, “फ्रेम नंबर?” माझ्याकडे नव्हता. दुकानदाराला फोन लावला, त्याने बिलबुकाच्या कार्बन कॉपीवरून वाचून सांगितला. मग सायकल उलटी केली. पेडलचा आस ज्या नळीतून जातो तिच्या खालच्या बाजूला हा नंबर ठोकलेला असतो. काही कंपन्या तो हँडलखालच्या नळीवर ठोकतात. चिखल सुकून दगड झालेला. मी अंगठ्याने घासत एकेक आकडा मोकळा करत होतो आणि हवालदार मोठ्याने वाचत होते. पहिल्या सायकलचा शेवटचा आकडा जुळला नाही. दुसरीचे सगळे जुळले.

माझ्या शेजारी एक काका उभे होते, घरोघरी पेपर टाकणारे. त्यांची साधी काळी सायकल समोरच होती. कॅरिअरला त्यांनी स्वतः ट्यूबची पट्टी बांधली होती, तिची गाठ दाखवून “ही माझीच हो साहेब” म्हणत होते. पण बिल नाही, नंबर माहीत नाही, तक्रारही दिलेली नाही. ज्याचं पोट सायकलवर आहे तो माणूस त्या दिवशी चालत परत गेला. मला ते अजून आठवतं, आणि म्हणूनच सायकल घेतलेल्या प्रत्येकाला मी फ्रेम नंबरचा फोटो काढून ठेवायला लावतो. वडिलांच्या काळी नगरपालिका सायकलचा कर घेऊन बिल्ला द्यायची, लोक चेनकव्हरवर पेंटरकडून नाव रंगवून घ्यायचे. आता सायकलला कसली सरकारी नोंदणीच नाही, म्हणून हा नंबर जपायचा.

सायकल सापडली तरी लगेच हातात मिळेलच असं नाही. तो मुद्देमाल असतो, न्यायालयात अर्ज करून सोडवावा लागतो. मला दोन-तीन खेपा पडल्या. तेवढी तयारी ठेवा.

आता नवीन सायकलचं. ती कशाशी बांधता, यावर सगळं आहे. सोसायटीची परवानगी घेऊन भिंतीत लोखंडी कडी बसवून घ्या, फॅब्रिकेशनवाला तासाभरात बसवतो. ओढून निघणार नाही अशी, अँकर बोल्टने. मी बसवल्यावर आमच्या इमारतीतल्या आणखी चौघांनी बसवून घेतल्या. केबल लॉक साध्या कटरने तुटतं, त्याच्यावर भरवसा ठेवू नका, यू-लॉक (इंग्रजी यू आकाराचं जाड दांड्याचं कुलूप) घ्या. ग्राइंडरपुढे तेही टिकत नाही, पण रात्री तीनला जिन्याखाली ग्राइंडर चालवणं म्हणजे अख्खी इमारत उठवणं. यू-लॉक मागच्या चाकाच्या रिममधून घाला, सीटखालच्या नळ्यांचा जो त्रिकोण असतो त्याच्या आत, आणि मग कडीला. रिम त्या त्रिकोणातून निघत नाही, त्यामुळे चाक आणि फ्रेम दोन्ही एकाच कुलपात अडकतात. पुढचं चाक खटक्याने निघणारं असेल तर त्यासाठी वेगळं केबल लॉक वापरा. सीटचा खटका काढून मेकॅनिककडून तिथे बोल्ट टाकून घ्या.

सायकलमध्ये लपवलेल्या, फोनवर जागा दाखवणाऱ्या ट्रॅकर टॅगचा उपयोग होतो, पण जागा दिसली म्हणून एकट्याने तिथे जाऊ नका. विक्रीच्या जाहिरातीत तुमची सायकल दिसली तरी तेच: स्क्रीनशॉट काढा आणि पोलिसांना सोबत घ्या. मुलाला तर मुळीच पाठवू नका.

आणि गेलेल्या सायकलचं बिल सापडत नसेल, तर चौकीच्या आधी दुकानात जा. बिलबुकात फ्रेम नंबर आणि किंमत, दोन्ही मिळण्याची शक्यता आहे.