चेहऱ्याच्या लकव्यात डोळ्यातून पाणी गळत असूनही डोळा कोरडा कसा?

आपल्या वडिलांच्या चेहऱ्याची उजवी बाजू लकव्याने लुळी पडली आहे, त्या डोळ्यातून सारखे पाणी गळते आणि तरीही डॉक्टरांनी कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले, हे कसे, असे आपण विचारले आहे. मला बेल्स पाल्सी (अचानक येणारा चेहऱ्याचा लकवा) झाली तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मेंदूतून निघणारी सातवी नस पापणी मिटणाऱ्या स्नायूला हलवते आणि अश्रुग्रंथीला पाझरण्याचा संदेशही देते. हा संदेश नेणारे तंतू कानाजवळच्या हाडाच्या आत, जेनिक्युलेट गँग्लियन या नसेवरच्या मज्जापेशींच्या पुंजक्यापाशी मुख्य नसेपासून फुटून वेगळ्या वाटेने डोळ्याकडे जातात. म्हणून इजा त्या फाट्यावर किंवा त्याच्या अलीकडे, मेंदूच्या बाजूला असेल, तर मुळात अश्रूच कमी तयार होतात. पलीकडे असेल, तर ग्रंथी पूर्वीसारखीच पाझरते, पण पापणी मिटत नाही. उघड्या राहिलेल्या डोळ्यावरचा ओलावा वाळतो, बुबुळ चुरचुरते आणि त्या चुरचुरीने ग्रंथी आणखी पाणी सोडते. शिवाय पापणीची उघडझाप अश्रूंना नाकाकडच्या नळीत ढकलत असते. ती मंदावली आणि खालची पापणी सैल पडली, की पाणी गालावर ओघळते, पण बुबुळावर नीट पसरत नाही. ग्रंथी प्रत्यक्षात किती पाझरते, हे शिर्मर चाचणीत कळते: खालच्या पापणीत कागदाची पट्टी ५ मिनिटे ठेवतात, आणि ती ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर अश्रू फारच कमी आहेत असे मानतात.

काही महिन्यांनी जेवताना त्याच डोळ्यातून पाणी येऊ लागले, तर घाबरू नये. लाळग्रंथीकडे जाणारे तंतू पुन्हा वाढताना वाट चुकून अश्रुग्रंथीला जाऊन मिळतात, त्याचा हा परिणाम असतो. रशियन वैद्य बोगोराद यांनी १९२८ मध्ये याचे वर्णन केले. याला ‘मगरीचे अश्रू’ म्हणतात. आपल्याकडे नक्राश्रू म्हणजे ढोंग, त्यामुळे रुग्णासमोर हे नाव घेणे मला अन्यायाचे वाटते. त्रास फार असल्यास अश्रुग्रंथीत तिचा पाझर कमी करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात.

सध्या मात्र थेंब सोडू नयेत, आणि डॉक्टरांना विचारून रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने मिटवून ठेवावी. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लकवा ट्यूमरच्या शस्त्रक्रियेनंतर आला असेल, तर कधी कधी चेहऱ्याची आणि डोळ्याची संवेदना नेणारी पाचवी नसही दुखावून बुबुळ बधिर होते. अशा वेळी जखम होऊनही डोळा दुखत नाही, म्हणून तो रोज उजेडात पाहावा.